समुद्रापलीकडचा तोमारी डोंगर

नोत्सुकेच्या वाळूच्या पट्ट्यावर सेत्सुयो अकरा वर्षं ट्रॅक्टर हाकत होती. मागे जोडलेल्या डब्यात पाहुण्यांना बसवायचं, खाऱ्या पाण्याने वठलेली झाडं दाखवून आणायची, एवढंच काम. होक्काइदोच्या या टोकाला येणारे तसे थोडेच.

त्या जूनच्या दुपारी धुकं होतं. फेरी संपली, पाहुणे भराभर गाड्यांत बसून गेले. एक म्हातारा मात्र रस्ता ओलांडून सामुद्रधुनीच्या बांधावर जाऊन बसला. सेत्सुयो मागोमाग गेली.

"आजोबा, शेवटची बस चुकेल हं."

"चुकू दे. मी झाडं बघायला नाही आलो. मी तोकुजिरो, तोमारीला जन्मलो."

सेत्सुयो त्यांच्या शेजारी बसली. तोमारी म्हणजे समोरच्या कुनाशिरी बेटावरचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियन आले आणि तिथल्या सगळ्यांना घरदार सोडावं लागलं. अवघ्या सोळा किलोमीटरवर, पण जाता येत नाही.

तिने आपल्या जेवणाच्या डब्यातला साल्मन मासा घातलेला भाताचा गोळा त्यांच्या हातात ठेवला. "खा. वारा फिरला की धुकं हटेल. गावापर्यंत मी सोडीन, माझ्या गाडीने."

तोकुजिरो आजोबांनी अर्धा गोळा तिलाच परत दिला. "एकट्याने खाल्लेलं मला पचत नाही."

तासाभराने खरंच वारा फिरला. बेट हळूहळू वर आलं.

"दिसलं!" सेत्सुयो ओरडली.

"मला निळा डाग दिसतो गं. डोळे गेलेत. तूच सांग."

सेत्सुयो गोंधळली. रोज समोर असलेलं बेट तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. "डोंगर आहे… लांबट."

"लांबट काय! बैल बसल्यासारखा. वशिंड कुठे आहे?"

"उजवीकडे. हो, आहे वशिंड!"

"त्याच्या पायथ्याशी?"

"हिरवं. त्याखाली पांढरी रेघ, किनाऱ्याची."

"तिथे आम्ही कोंबू वाळवायचो," आजोबा म्हणाले. "शेवाळाच्या पट्ट्या उलटून-उलटून आईचे हात फाटायचे. गाव सुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो." सेत्सुयो पुढे सांगतच राहिली. ढगाची सावली कुठून सरकतेय, पाण्याचा रंग कुठे बदलतोय, सगळं. एकही गोष्ट सांगायची राहिली तर म्हाताऱ्याचं नुकसान होईल, असं तिला वाटत होतं.

शेवटी आजोबा उठले, आधी बेटाकडे आणि मग तिच्याकडे कंबरेतून वाकले. "फार उपकार झाले, पोरी."

"छे, उपकार तुमचे. माझ्या दारातला डोंगर तुम्ही मला दाखवलात," ती म्हणाली आणि त्यांच्याहून खाली वाकली. आजोबा आणखी वाकले.

"पुरे आता, कंबर मोडेल," ते हसत म्हणाले, आणि तिने त्यांना हात धरून सरळ केलं.