भिंतीपलीकडचा ताप

मोरीच्या तोंडाशी अडकलेला तो पिवळट, ओलसर गोळा... इंदिराबाईंनी काठीने उलटा केला आणि वास आला. जवसाचे पोटीस! अंगावर बांधून, गार झाल्यावर सोडून टाकलेले. एका बाजूला फडक्याची वीणसुद्धा उमटलेली. मोरी दोन घरांची सामाईक, म्हणजे हे शेजारच्या निरुपमेकडचे. म्हणजे भिंतीपलीकडून येणारे ते कण्हणे तिच्या लीलाचेच, आणि ‘लीला मावशीकडे निजामपुऱ्याला गेलीये, वहिनी’ हे निव्वळ खोटे. पोरीला गाठ आली असणार. प्लेगची.

इंदिराबाईंना हसू आले, आणि ते त्यांनी आवरले नाही.

पहिल्या प्लेगात इंदिराबाईंच्या मुलाला, शरूला, ताप आला होता... नुसता ताप, गाठ नाही, काही नाही, पोर उन्हात हुंदडून आले होते. आणि ही निरुपमा ओट्यावर उभी राहून तपासणीवाल्यांना बोट दाखवत होती — ‘आ घरमां’, ह्या घरात — गुजरातीत, शिपायांना नीट कळावे म्हणून! शहराबाहेरच्या गवती झोपड्यांत त्याला नेले आणि आईला काट्यांच्या कुंपणाशी अडवले. ‘आई, पाणी’ अशी हाक खरेच येत होती की भास होता, कुणास ठाऊक. पण एका दुपारी ती यायची थांबली. प्लेग त्याला तिथेच, शेजारच्या खाटेवरून लागला, असे त्या समजत आल्या होत्या. पुढे दोघींची देवघेव तुटली असेही नाही. वाडीतल्या अरुंद गल्लीत तुटून राहायचे कुठे? फक्त विरजण देताना इंदिराबाई तिच्या त्या बोटाकडे बघत.

त्यांनी लुगडे बदलले आणि मांडवीकडच्या कचेरीकडे निघाल्या. सावकाश. घाई कशाला? आज मी सांगणार. मी. तिला त्या कुंपणाशी उभी करणार, आतून हाक येईल, आणि तिला आत जाता येणार नाही...

प्लेगच्या कचेरीत भास्करराव डॉक्टर होते. त्यांनी ऐकून घेतले.

“गाठ कधी आली?”

“ते मला काय ठाऊक! लपवून ठेवलीय पोरीला. ओढून न्या तिला.”

“ओढून कशाला? तिच्या आईलाही घेऊ बरोबर. आता पत्र्याच्या खोल्या झाल्यात, पाण्याची सोय आहे, बायकांना बघायला नर्सबाई आहे. तुम्ही वेळेवर आलात, बाई. वाचेलही पोरगी.”

“आईला... आत जाऊ देतात?”

“पहिल्या वर्षी नव्हते देत. लोकांनी फार आरडाओरडा केला, तेव्हा कुठे सुधारणा झाली.”

सुधारणा. त्या आरडाओरड्यात त्यांचाही आवाज होता की — हात रक्ताळेपर्यंत कुंपण गदगदा हलवत त्या ओरडल्या होत्या. आणि त्यातून खोल्या निघाल्या, पाणी निघाले... निरुपमेच्या पोरीसाठी! ज्या नरकात तिला लोटायचे असे एवढी वर्षे मनात जपून ठेवले, तो नरकच कुणीतरी दुरुस्त करून ठेवला होता.

दुपारी गाडी आली. लीलाचे डोके मांडीवर घेऊन निरुपमा आत बसली होती. इंदिराबाई मुद्दाम ओट्यावर उभ्या राहिल्या.

“वहिनी, कुणी सांगितलं हो?”

“मी.”

निरुपमेने त्यांच्याकडे पाहिले. ओरडेल, शिव्या देईल... द्याव्यात तिने, एवढे तरी पदरात पडावे.

“शरूचंच उट्टं ना हे?” ती म्हणाली, आणि खाली वाकून ओल्या फडक्याने लीलाचे ओठ पुसू लागली. गाडी हलली.

इंदिराबाई आत आल्या, पाटावर बसल्या. चूल पेटवायची राहिली होती, राहू दे. मरो ती पोरगी — असे मनातल्या मनात म्हणून पाहिले, आणि म्हणता आले, अगदी सहज. मग, का कोण जाणे, जगो — असेही म्हणून पाहिले, तर ते मात्र म्हणवेना... कारण लीला जगली, हसत दारात उतरली, तर शरूही जगू शकला असता; घोटभर पाणी, उशाशी आई, एवढ्यानेसुद्धा कदाचित... आणि मग हा राग एकट्या निरुपमेवर मावायचा नाही. केवढा तरी मोठा होऊ लागला होता तो, सगळ्या शहराएवढा, आणि त्याला कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हते.