पहिल्या वाफेचे गिऱ्हाईक

मी चाळीस वर्षे हनोईतल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासली. इतरांच्या पुस्तकांतल्या चुका काढणे हे माझे काम. स्वतःचे म्हणून मी एकच पान लिहिले आहे, तेही निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, आणि त्यात एक मोठी चूक राहिली.

ते पान मला ल्वानने लिहायला लावले. ल्वान ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमच्या गल्लीत तिचे सहा खोल्यांचे पाहुणेघर आहे, तिथे परदेशी प्रवासी उतरतात.

"काका, रस्त्यावर काय खायचं, कुठे खायचं, हेच विचारतात सगळे," ती म्हणाली. "मला सकाळी चादरी बदलायच्या असतात, मी किती सांगू? तुम्ही एक पान लिहून द्या. दहा पदार्थ. इंग्रजीत."

"माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे. बोलायला येत नाही."

"बोलायला कोण सांगतंय? लिहायचंच तर आहे."

त्या एका पानाला मला दोन आठवडे लागले. शेवयांच्या सूपला पहिला क्रमांक द्यावा की कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसाला, यात तीन दिवस गेले. थंड गोगलगायींचे सूप घालावे की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. मग मला वाटले, आपण लोकांना कोण सांगणार? आपण रोज जे खातो तेवढेच आपल्याला खात्रीने माहीत. म्हणून पहिला क्रमांक मी बान्ह कुऑनला दिला. तांदूळ किती वेळ भिजतो, उकळत्या टोपावर ताणलेल्या कापडावर पीठ कसे पसरतात, बांबूच्या पट्टीने पापुद्र्यासारखी पोळी कशी उचलतात, आत काळी अळंबी आणि खिमा, वर तळलेला कांदा, सोबत माशाचे कोमट खारे पाणी, हे सगळे लिहिले. शेवटी लिहिले: 'पहिल्या वाफेला जावे, साडेसहाच्या सुमारास; तेव्हा कापड नुकते ताणलेले असते आणि पोळी सर्वांत पातळ उतरते.' नऊ खर्डे केले. नऊही खर्ड्यांत हे वाक्य मी बदलले नाही.

पत्ता दिला तो मुईच्या नव्या जागेचा.

मुई चौदा वर्षे एका घराच्या पायरीवर बान्ह कुऑन विकत होती. ते घर विकले गेले. नव्या मालकाला पायरीच्या जागी मोटारसायकली उभ्या करायच्या होत्या. मग तिला दोन गल्ल्या पलीकडे, बदामाच्या झाडाखाली, एका शिंपिणीच्या दुकानासमोर जागा मिळाली. पंचांग बघून तिने आठव्या महिन्यातला एक दिवस काढला. आदल्या दिवशी मला म्हणाली, "काका, पहिला दिवस बरा गेला तर राहीन. नाही गेला तर समजायचं, ही जागा माझी नाही. टोप उचलायचा आणि गावी भावाकडे. तो कधीचा बोलावतोय. कोंबड्या पाळीन."

अशा वेळी काय म्हणावे, ते मला नेहमी नंतर सुचते.

पहिला दिवस बरा जाणे म्हणजे बोहनी चांगली होणे. हे आमच्याकडे भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळे मानतात. पहिले गिऱ्हाईक हलक्या पायगुणाचे हवे, त्याने घासाघीस न करता घ्यावे, हसत जावे. पहिल्याच माणसाने नुसती चौकशी करून पाठ फिरवली, की दिवस गेला. मग कागद पेटवून तो सामानाभोवती ओवाळतात, 'भला असेल तो राहो, बुरा असेल तो जावो' म्हणतात, आणि त्या माणसाबद्दल बरेच काही बोलतात.

माझा पायगुण जड आहे. हे मी म्हणत नाही, तसे झाले आहे. नऊ वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. घरात सुतक असलेल्याने कुणाच्या दुकानात पहिले जाऊ नये, हे लहान पोरालाही कळते. मी मात्र एका सकाळी भ्रमिष्टासारखा उठलो आणि मुईच्या स्टुलावर पहिला जाऊन बसलो. तिने मला मुकाट्याने बशी दिली. त्यानंतर टोपावरचे कापड टरकले, पाऊस आला, आणि दहा वाजेपर्यंत दुसरे गिऱ्हाईक आले नाही. मुई मला त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही. दुसऱ्या दिवसापासून मीच समोर तेओताईच्या चहाच्या बाकड्यावर बसू लागलो. कुणीतरी खाऊन उठले की मगच रस्ता ओलांडायचा.

मुई जागा बदलणार म्हटल्यावर तेओताईनेही आपली किटली आणि बाकडे उचलून समोरच्या फुटपाथवर आणले. तिचे वय ब्याऐंशी, माझे त्र्याहत्तर. तिच्या चहाला मुईचीच गिऱ्हाइके लागतात, त्यामुळे तिलाही पर्याय नव्हता.

त्या दिवशी सव्वासहालाच मी बाकड्यावर होतो. पलीकडे मुईने टोप चढवला होता. नवे कापड, पुसलेली बारा निळी स्टुले, अंगात धुतलेला पांढरा सदरा. बोहनीसाठी तिने तिएपला सांगून ठेवले होते. तिएप मोटारसायकली दुरुस्त करतो. तीन मुलगे, मोठे पोट, सदा हसणारा. नवे दुकान उघडताना लोक त्याला आवर्जून बोलावतात.

साडेसहा झाले. टोपाच्या कडेने वाफ निघाली. तिएप आला नाही.

"फोन कर की पोरी," तेओताई इकडून म्हणाली.

"केला आजी. कुणाची तरी गाडी पुलावर बंद पडलीय, तिकडे गेलाय. वीस मिनिटं म्हणाला."

"त्याची वीस मिनिटं मला माहीत आहेत. माझा पंखा वीस मिनिटांत देतो म्हणाला होता, तेव्हा उन्हाळा होता." मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही जरा आपल्या बाजूच्या या झाडाच्या मागे सरका. तिकडून सरळ दिसताय."

मी सरकलो.

तेवढ्यात कोपऱ्यावरून दोन परदेशी बायका आल्या. एक सत्तरीची, उंच, अंगाने जड. दुसरी तिची मुलगी असावी. मुलीच्या हातात एक कागद होता आणि ती कागदावरून झाडाकडे, झाडावरून टोपाकडे बघत होती. तो कागद मी लांबूनच ओळखला.

"गोरी बोहनी," तेओताई खुशीत पुटपुटली. "यांचा पायगुण हलका असतो. घासाघीस येतच नाही त्यांना."

मुईने दोन बोटे वर केली, बायकांनीही दोन बोटे वर केली. मुई हसली आणि पिठाची पळी उचलली. मुलगी स्टुलावर बसली. तिचे गुडघे हनुवटीपाशी आले, पण बसली. आईने स्टुलाकडे पाहिले. ते स्टूल वीतभर उंच होते. तिने एक हात झाडाला लावला, अर्धवट वाकली, आणि थांबली. पुन्हा वाकली. तिच्या चेहऱ्यावर एक कळ उमटून गेली. ती गुडघ्यावर हात ठेवून मुलीशी काहीतरी बोलली. मुलगी उठली, मुईला हात जोडल्यासारखे केले, दोनदा 'सॉरी' म्हणाली, आणि दोघी निघून गेल्या. कागद स्टुलावर राहिला.

मुईच्या हातात पळी तशीच होती.

"गेल्या," तेओताई म्हणाली. "पेटव पोरी कागद, बघत काय बसलीस?"

मुईने हाताला लागला तो कागद उचलला, त्याची सुरळी केली आणि शेगडीत धरली. दोन आठवडे, नऊ खर्डे. तिने ती जळती सुरळी टोपाभोवती आणि बाराही स्टुलांवरून फिरवली. "भला असेल तो राहो, बुरा असेल तो जावो," ती म्हणाली. शिव्या घातल्या नाहीत. नुसती खाली बसली आणि सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसले.

मी रस्ता ओलांडला. तिच्या जवळ गेलो नाही, फुटपाथच्या कडेलाच थांबलो.

"मुई, तो कागद माझा होता. मीच लिहिला. साडेसहाला या, असं त्यात मीच सांगितलं होतं."

तिने वर पाहिले. तिला एकदम कळले नाही. तेओताईला कळले.

"म्हणजे मास्तर, तुम्ही झाडामागे लपलात, पण पायगुण आधीच टपालाने धाडलात होय?"

"आजी, राहू दे," मुई म्हणाली. "काकांनी चांगल्यासाठीच केलं असेल. मी आपली भाऊ काय म्हणतो ते बघते." हे ती रागाने म्हणाली असती तर मला बरे वाटले असते.

मी त्या पानावर भिजवलेल्या तांदळाचे तास लिहिले होते, कापडाचा धागा कसा असावा तेही लिहिले होते. स्टूल वीतभर उंच असते, हे लिहिले नव्हते. ते लिहायचे असते हे माझ्या ध्यानातच आले नाही. आम्ही जन्मापासून त्यावरच बसत आलो.

घरी माझी एक खुर्ची आहे, लाकडी, पाठीची, छापखान्याने निरोपाला दिलेली. माझे घर तिथून शंभरेक पावलांवर. मी गेलो, खुर्चीवरची पुस्तके पलंगावर ठेवली आणि खुर्ची उचलली. ती मला वाटली होती त्याहून जड निघाली.

"काका, घर बदलताय की काय?" कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारले.

"दोन परदेशी बायका कुठे गेल्या?"

"तलावाकडे. पण काका, खुर्ची घेऊन बायकांच्या मागे?"

मी तसाच पुढे निघालो. त्या दोघी मला तलावाच्या रस्त्यावर, एका बंद कॉफीच्या दुकानाच्या काचेतून आतल्या खुर्च्या बघत उभ्या असलेल्या सापडल्या. मी खुर्ची खाली ठेवली. इंग्रजी वाक्य मनात चार वेळा तपासले आणि म्हणालो, "बाई, ही खुर्ची तुमच्यासाठी आहे."

मुलगी हसून म्हणाली, "नको, धन्यवाद," आणि टोप्या व पंखे विकणाऱ्यांना करतात तसा हात हलवला. तिला वाटले, मी खुर्ची विकतो आहे.

तिथून परत फिरावे असे मला फार वाटले. आयुष्यात मी अशा वेळी नेहमी परतच फिरलो आहे. पण खुर्ची घेऊन रिकामे परत जाणेही अवघड होते. दाखवायला कागद उरला नव्हता. मग माझे जे एकच इंग्रजी वाक्य मला तोंडपाठ होते, ते मी म्हणालो: "पहिल्या वाफेला जावे, साडेसहाच्या सुमारास; तेव्हा कापड नुकते ताणलेले असते आणि पोळी सर्वांत पातळ उतरते."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "ते तुम्ही लिहिलंय?"

मी मान हलवली. ती आईशी आपल्या भाषेत बोलली. आईने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जरा हलवून पाहिली, आणि खुर्चीशीच बोलत असल्यासारखे काहीतरी म्हणाली. मुलीने खुर्ची उचलली आणि ती पुढे चालू लागली.

झाडासमोर पोचलो तेव्हा सात वाजायला पाच मिनिटे होती. मुईच्या पुढे कुणीही बसलेले नव्हते. तेओताईने आम्हा तिघांना आणि खुर्चीला पाहिले आणि हातातली किटली खाली ठेवली. मी रस्त्याच्या अलीकडेच थांबलो.

आई खुर्चीत बसली. मुईने चार स्टुले एकावर एक रचून तिच्यासाठी मेज केले. मग कापडावर पळी फिरवली, झाकण ठेवले, काढले, पट्टी आत घातली. पोळी उचलताना एका कडेला ताणली गेली, पण फाटली नाही.

आईने खायच्या काड्यांनी एक-दोनदा प्रयत्न केला, मग सरळ चमचा मागितला. पहिली बशी संपली. तिने बोट वर केले. दुसरी संपली. समोर खुर्चीत बसून कुणी रस्त्यावर खाते आहे, हे पाहून कचेरीला निघालेल्या दोन मुली थांबल्या, मग एक टपालवाला थांबला. शिंपीण दुकान उघडायला आली आणि उघडायच्या आधी खायला बसली. उठताना त्या परदेशी म्हातारीने मुईचा हात दोन्ही हातांत धरला. मुई नुसती हसत होती.

तिएप सव्वासातला उगवला, हात काळे. "झाली का बोहनी? मग मी फुकटच धावत आलो."

"धावत?" तेओताई म्हणाली. "तुझं पोट बघ आणि मग बोल."

"बस, खा," मुई त्याला म्हणाली. "जागा आहे तोवर."

त्यानंतर मी रस्ता ओलांडला आणि निळ्या स्टुलावर बसून खाल्ले. तोवर तेओताईने वाद काढलाच होता. बोहनी झाली ती कुणाच्या पायगुणाने? तिएप म्हणाला, म्हातारीच्या. शिंपीण म्हणाली, जागेच्या. तेओताई म्हणाली, "आणलं कुणी? मास्तरांनी. पण पळवलं कुणी? तेही मास्तरांनी. म्हणजे वजा होऊन शून्य राहिलं."

साडेनऊला पीठ संपले. एरवी दहाला संपते, त्यामुळे फार मोठा फरक पडला असे म्हणता येणार नाही. मुईने कापड धुतले, शिंपिणीला विचारून तिच्या दारावरच्या खिळ्यावर वाळत टाकले, आणि टोप सायकलवर न चढवता झाडाच्या बुंध्याशी पालथा घातला. मी खुर्ची न्यायला गेलो.

"काका, ती राहू द्या," ती म्हणाली. "तिचा पायगुण चांगला आहे."

"बरं."

"पण तुम्ही मात्र उद्या तिएप खाऊन उठेपर्यंत पलीकडेच थांबा हं."

"थांबेन की," मी म्हणालो. मी दुसरे काही ठरवलेच नव्हते.

घरी येऊन मी पलंगावर बसून दहावा खर्डा केला. पहिल्या वाफेचे ते सगळे वाक्य काढून 'सातनंतर जावे' एवढेच घातले. खाली एक ओळ वाढवली: 'स्टुले फार ठेंगणी असतात, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची मागावी. एकच आहे.' ल्वानला कागद दिला, तेव्हा तिने तो तिथेच वाचला आणि म्हणाली, "काका, ही शेवटची ओळ चांगली जमलीय."

मी तो परत मागून घेतला आणि आणखी एकदा तपासला.