खिडकीपर्यंत न पोचलेले गुण

मित्रांनो, मी एक जुना संगणक. धारवाडच्या एका परीक्षा विभागात, जिन्याखाली, पोत्याने झाकलेला पडून असतो. हसू नका हं! सत्त्याण्णव साली मी आलो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! थंडगार खोली, आत यायचं तर चपला बाहेर, आणि खंडेनवमीला हार, कुंकू, लिंबूसुद्धा!

कामात मी चोख होतो. माझ्यासमोर बसणारा ऑपरेटर सुधींद्र मुलांचे गुण भरायचा, मी ते मागताक्षणी दाखवायचो. पण एक कोडं मला सुटत नसे. सगळं माझ्याजवळ असताना खिडकीवरचे कारकून शेषगिरीअण्णा जाडजूड रजिस्टरच का उघडतात? महिनाअखेर माझ्यातून कागद काढून ते हाताने त्यात उतरवायचे. "मशीनचं काय, आज आहे, उद्या नाही," म्हणायचे.

एकदा मी यशस्वी झालो का, हे तपासायला वरच्या कार्यालयातून निवेदिताबाई आल्या. हातात प्रश्नांची यादी. वेग? उत्तम. चुका? एकही नाही. मी फुगून बसलो होतो. तेवढ्यात खिडकीवर आवाज आला, "अण्णा, तिसरी खेप माझी. फेरतपासणीचं आलं का? नाहीतर परत परीक्षेला बसते."

ती अळणावरजवळच्या खेड्यातली अनिता. एका विषयात नापास झाली होती. तो सुटला तरच बी.एड.ला प्रवेश मिळणार होता. तिला शाळेत बाई व्हायचं होतं. शेषगिरींनी रजिस्टर चाळलं. "इल्ला अक्का, नाही आलं, नापासच दिसतंय. पुढच्या आठवड्यात या बघू."

अरे देवा! तिचे वाढलेले गुण अकरा दिवसांपासून माझ्यात होते. पण मला कोण विचारतो?

निवेदिताबाईंनी विचारलं. त्यांनी सुधींद्रला तिचा नंबर घालायला लावला आणि पडद्यावर 'उत्तीर्ण' उमटलं.

"सुटलात की हो!" शेषगिरी ओरडले. "आत्ता कागद देतो."

"मागच्या सोमवारी आले होते, तेव्हा द्यायचा होता, अण्णा," अनिता म्हणाली. "प्रवेश काल बंद झाले."

शेषगिरी मान खाली घालून उभे राहिले. मलाही फार वाईट वाटलं. माझं सगळं बरोबर होतं, आणि तिला त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याकडे आता माझ्याहून हुशार यंत्रं आहेत. त्यांची धूळ पुसा, त्यांना जपा. पण त्यांचं कौतुक करण्याआधी रांगेतल्या माणसाला विचारा, "तुमचं काम झालं का?" माझ्या वेळी एवढं कुणी अकरा दिवस आधी विचारलं असतं, तर अनिता त्या वर्षी बी.एड.च्या वर्गात बसली असती.