फुंकणीने घेतलेला सूड

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे, आणि मी सूड उगवला आहे. तोही एका सुभेदारावर, चारचौघांत.

औंधच्या यमाईच्या यात्रेत एका लोहाराने मला घडवले. कुंडलच्या बनुबाईने मला विकत घेतले तेव्हा ती नवी नवरी होती. तिने एक फुंकर मारली की चूल भडकलीच! सासूने आम्हा दोघींचेही कौतुक केले. बनुबाईचा श्वास रोज माझ्यातून जाई. तो आखूड होत गेला, मधेच शिट्टीसारखा वाजू लागला, हे सगळ्यांच्या आधी मला कळले.

पुढे घरात गॅस आला. पण तिचे मालक लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. "गॅसवरची भाकरी रबरागत लागती. मला चुलीवरचीच पायजे," असे त्यांनी बजावले. गॅसवर चहा तेवढा होऊ लागला. मळ्यातून येताना बनुबाई वाटेत बसू लागली, तर म्हणाले, "सोंगं हायती सगळी! विडी न्हाई, तमाखू न्हाई, हिला कशाचा दम लागतोय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी सून संयोगिताने तिला सांगलीला नेले. डॉक्टरांनी यंत्राच्या नळीत फुंकायला लावले. जन्मभर चूल फुंकलेल्या बाईला ते जमेना. डॉक्टर म्हणाले, "मावशी, धुराने तुमच्या श्वासनळ्या आकसल्यात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. गेलेले फुप्फुस परत येत नाही, उरलेले सांभाळायचे. हा पंप रोज घ्यायचा, बरे वाटले तरीही, आणि मग चूळ भरायची. चुलीपुढे मात्र बसायचे नाही."

लालासाहेबांनी पंप कपाटात ठेवून कुलूप लावले. "पंपाची सवय लागती. लय जीव घाबरा झाला तवाच मागायचा." चूलही पेटतच राहिली. त्या दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली, या माणसाला सोडायचे नाही.

मग वडूजचे त्यांचे फौजी दोस्त चुलीवरचे मटण खायला आले. लाकडे ओली होती. फुंकता फुंकता बनुबाई भिंतीला टेकली आणि तिचे ओठ निळे पडले.

"आवं मामा, आत्तींना श्वास घेता येईना! किल्ली द्या," संयोगिता ओरडली.

"आदी मटण शिजू दे. फुंकायला काय बंदूक उचलायची हाय?" असे म्हणत त्यांनी मला हिसकावले आणि तोंडाला लावले.

मित्रांनो, फुंकणीची एक रीत आहे. तोंड बाजूला करून श्वास घ्यायचा आणि मगच फुंकायचे. चुलीपुढे कधी न बसलेल्या माणसाला ती कुठून ठाऊक असणार? त्यांनी मला तोंडात धरूनच छाती भरून श्वास ओढला. मीही हात आखडता घेतला नाही. होता नव्हता तो सगळा धूर आणि राख त्यांच्या छातीत उतरवली.

सुभेदार आडवे! डोळे पांढरे, मिशा राखेने माखलेल्या. पाहुणे त्यांची पाठ चोळत असताना संयोगिताने त्यांच्या खिशातली किल्ली काढली. सासूला ओसरीवर नेऊन तिने पंप दिला. जरा बोलता येऊ लागल्यावर बनुबाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मला असंच हुतंय. रोज."

सूड गोड लागला, खोटे कशाला सांगू? पण लालासाहेबांचा श्वास घटकाभरात परत आला. बनुबाईचा आला नाही, आणि येणारही नाही.

आता ते गॅसवरची भाकरी मुकाट्याने खातात. सकाळी विचारतात, "पंप घेतला का गं?" तिला पहिल्या वेळीच ऐकू जाते, पण दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय ती उत्तर देत नाही. मला ते फार आवडते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला खुशाल भंगारात घाला आणि धुरात बसलेल्या तुमच्या आईला, आजीला जपा. पण त्याआधी माझे एक काम करा. कोणी चुलीवरच्या चवीचे गोडवे गाऊ लागला, तर मला त्याच्या हातात द्या आणि त्याला चुलीपुढे बसवा.