पहिल्या टेपवरचा आवाज

दवाखान्यात कान तपासणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कानवाले काका म्हणत. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, बारीक आवाज ऐकवायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी ते गाणी ध्वनिमुद्रित करायचे, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाचा, दादाचा, रॉक बँड होता. दादा, एक ड्रमर आणि एक गायिका, असे तिघंच. गिटारच्या तारांत चमचे अडकव, पत्र्याच्या रिकाम्या टाकीत ड्रम ठेव, असले त्यांचे उद्योग. एकच अल्बम निघाला, काकांनीच मुद्रित केलेला, दोनशे प्रतींचा. त्यातल्या निम्म्या घरच्या माळ्यावर पडून राहिल्या.

चाळीस वर्षांनी एका छोट्या रेकॉर्ड कंपनीची मालकीण पत्ता शोधत आली. तिशीतली मुलगी. जुन्या बाजारात तिला एक प्रत सापडली होती आणि अल्बम पुन्हा काढायचा होता. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती, ड्रमरचा ठावठिकाणा नव्हता. मूळ टेप आहे का, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "काका, ती गाणारी बाई कोण? इतका जड आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही."

काकांचा चेहरा पडला. त्या बाईला बँडमध्ये चिमणी म्हणत, कारण तिचा आवाज पातळ आणि वरचा होता.

झालं होतं ते असं. मूळ टेप उत्तम उतरली होती. कारखान्यात पाठवायची प्रत काढताना मात्र ती वाजवणाऱ्या मशीनचा पट्टा सैल झाला, मूळ टेप हळू फिरली आणि प्रतीवर सगळ्यांचेच सूर खाली घसरले. काकांच्या ते ध्यानात आलं तेव्हा रेकॉर्डी छापून झाल्या होत्या. दादाला ते मुद्दाम केलेलं वाटलं, तो बेहद्द खूश झाला. चिमणीने मात्र काकांना बाजूला घेऊन विचारलं होतं, माझा आवाज असा आहे का? रेकॉर्डवर सगळ्यांचाच वेगळा वाटतो, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. महिन्याभरात तिने बँड सोडला.

कंपनीवाली मुलगी येऊन गेल्यावरच्या रविवारी काका मूळ टेप आणि जुनं मशीन घेऊन चिमणीच्या लाँड्रीत गेले. ती चादरींच्या घड्या घालत होती. अल्बम पुन्हा निघतोय हे ऐकून तिने फक्त मान हलवली. काकांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि पहिलं गाणं लावलं. दोन ओळी झाल्या आणि तिचे हात थांबले. गाणं संपेपर्यंत ती उभीच राहिली. मग काकांनी पट्ट्याचं सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता.

"तुला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मी मुलीला अंगाईसुद्धा गायले नाही रे. वाटायचं, घाबरेल."

तिने आवाज चढवला नाही, उठून जा असंही म्हटलं नाही. पुन्हा घड्या घालायला लागली. शेवटी म्हणाली की, रेकॉर्ड निघू दे, पण हा आवाज घेऊन. आणि चूक कुणाची ते कव्हरवर छापायचं.

कंपनीवाली मुलगी हिरमुसली. तिला तो जड आवाजच आवडला होता, आणि ज्या मोजक्या लोकांना अल्बम ठाऊक होता त्यांनाही. दोन दिवस तिने काकांना परोपरीने समजावलं. काका बधले नाहीत. मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिला: पहिल्या आवृत्तीतला आवाज गायिकेचा नव्हता, तो ध्वनिमुद्रकाच्या निष्काळजीपणाचा होता.

अल्बम निघाला. जुने चाहते कुरकुरले, काहींनी तर मुलीला पत्रं लिहून झाडलं. नव्यांनी मात्र बऱ्यापैकी उचलला. चिमणीकडून तीन आठवडे अवाक्षर नव्हतं. काकांनी पाठवलेली प्रत तिने उघडली की नाही, तेही कळेना. फोन करायला त्यांना धीर होत नव्हता.

मग एका दुपारी तिचाच फोन आला. काका पेशंटला खोलीत बसवून बाहेर आले.

"तिसऱ्या गाण्यात वरचा सूर लागलेला नाही," ती म्हणाली. "मी चारदा ऐकलं."

काका घाईघाईने म्हणाले, की तिथेही कदाचित मशीनच...

"मशीनचं नाव घेऊ नकोस. तो मीच चुकवलाय." मग म्हणाली, "येत्या रविवारी कोरी टेप घेऊन येतोस?"