सदाफुलीचे पराग आणि विहिरीचं पाणी

शिवलिंगप्पा सरांनी भर वर्गात तिला खोटारडी म्हटलं नाही, एवढेच काय ते उपकार! "रुद्राणी, असले आकडे घरी बसूनही लिहिता येतात," असं म्हणाले ते, आणि पोरं खी खी करून हसली. आता याचा अर्थ काय, हे शेंबडं पोरही सांगेल.

झालं होतं असं. बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरातल्या त्या कॉलेजात नळाला टिपूस नव्हता, मग डिस्टिल्ड पाणी कुठून येणार? वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणाऱ्या रुद्राणीनं आवारातल्या विहिरीचं पाणी गाळून घेतलं, त्यात साखर विरघळवली आणि सदाफुलीचे पराग सोडले. मायक्रोस्कोपखाली बघते तर काय, कणाकणातून बी धरायला लागणारी परागनळी निघालेली, चांगली लांबच लांब! नळ्या मोजून त्या आकड्यांवरच तिनं एम. एस्सी.चा प्रबंध लिहिला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र सुरू झालं, आणि विभागप्रमुख शिवलिंगप्पा सर म्हणाले, आता शुद्ध पाण्यात करून दाखव. शुद्ध पाण्यात कण फुगायचे आणि फट्कन फुटायचे. नळीचा पत्ताच नाही. विहिरीच्या पाण्यात मात्र अजूनही झकास निघायची, पण सर ते बघायलाच तयार नव्हते. गढूळ पाण्यात काय वाट्टेल ते दिसतं, म्हणे!

"शनिवारी शुद्ध पाण्यात नळ्या दाखव. नाहीतर प्रबंधावर माझी सही मिळणार नाही," सरांनी शेवटचं सांगून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली ती धुमसतच. आई, निंगव्वा, म्हणाली, "सर मोठी माणसं गं. माफी मागून टाक की. काय झिजतंय तुझं?"

"मी खोटं लिहिलंच न्हाई, तर माफी कशाची मागू?"

आईवर काढता येईना म्हणून तिनं राग काढला पाणी तापवायच्या पातेल्यावर. चिंच घेऊन खसाखसा घासायला बसली. बुडाला पांढरा थर असा घट्ट बसलेला, की निघता निघेना. सोलापूरच्या विहिरींचं पाणीच तसलं, घराघरातली भांडी अशीच पांढरी होतात. घासता घासता तिचा हात थांबला. अगं बाई, चुना! विहिरीच्या पाण्यात चुना आहे आणि यंत्राच्या पाण्यात नाही! परागाच्या कणात प्रथिनं, साखर, सगळी शिदोरी फुलानं भरून दिलेली असते. पण नळीचं टोक धरायला, वाढवायला चुन्यातलं कॅल्शियमच मिळालं नाही, तर तो बिचारा फुटेल नाहीतर काय होईल?

शनिवारी सकाळी रसायनशास्त्रवाल्यांकडून तिनं कॅल्शियम नायट्रेटची बाटली मागून आणली. आधी करून बघायला वेळ नव्हता. तरी सरांपुढे जाऊन ती ठाम उभी राहिली.

"सर, पाणी तुमच्या यंत्राचं. पराग तुम्हीच सोडा, तुमच्या हातानं. एका काचेवर नुसतं साखरपाणी, दुसरीवर त्यातच हे चिमूटभर. मी हात लावणार नाही."

सर कुरकुरले, पण त्यांनी केलं. मग दोघं घड्याळाकडे बघत बसले. पहिल्या काचेवर कण फुटले. दुसरी काच सरांनी भिंगाखाली सरकवली आणि त्यांनी डोळा काढलाच नाही. रुद्राणीचा जीव टांगणीला लागला.

"अरे वा!" सर उसळून उठले. "काय नळ्या आल्यात, बघ! दुसऱ्या फुलांवर परदेशात असं काहीतरी निघालंय, वाचलंय मी. पण आपली सदाफुली! आण तो प्रबंध, सही करतो. आणि आपल्या दोघांच्या नावानं एक लेखही—"

"सही नंतर, सर. आधी वर्गात चला."

"वर्गात? आता कशाला?"

"तुम्ही बोललात ते वर्गात बोललात. खोलीत मिटवायचं नाही मला."

सरांचा चेहरा उतरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ती दार उघडून उभीच. एरवी सरांपुढे मान वर न करणारी रुद्राणी आज जागची हलेना. शेवटी ते निघाले. ते वर्गात शिरले तशी पोरं उठून उभी राहिली.

"रुद्राणीनं लिहिलेले आकडे खरे आहेत," फळ्याकडे बघत सर म्हणाले. मग वळले, पोरांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मी न बघताच तिला खोटं ठरवलं. चूक माझी."

इतके दिवस दाबून धरलेलं रडू रुद्राणीला तिथंच, दारात उभ्या उभ्या फुटलं.