ट्रॅक्टरवरची उशी

माझ्या नवऱ्याची, दीडरिखची, पाठ आमच्या नव्या शेतानं खाल्ली. दोन बुलडोझरांमध्ये जाड साखळी बांधून जंगल आडवं केलं, जाळलं, तिथवर ठीक होतं. पण नंतर त्या जमिनीत तव्यांचा नांगर फिरवायचा म्हणजे पावलोपावली मुळं आणि खुंट. त्यात आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती वसाहतीत ट्रॅक्टरला चाकं लोखंडीच हवीत. रबरी चाकं लावली की पोरं ट्रॅक्टर घेऊन सांताक्रूझ शहरात पळतात, असं चर्चच्या मंडळीचं म्हणणं. पळत असतीलही. दीडरिख मात्र संध्याकाळी अंगणातून घरात येतानासुद्धा भिंत धरायचा.

म्हणून मी शहाणपणा केला. ट्रकवाल्या रुफिनोकडून एक फाटका टायर आणला, त्याचे तुकडे कापले, सीटच्या उशीत घातले आणि वर बदकाची पिसं भरून शिवून टाकलं. दीडरिखला म्हटलं, "नवी पिसं भरलीत." महिन्याभरात तो ताठ चालू लागला आणि सगळं श्रेय दिलं माझ्या आईच्या मलमाला. मी गप्प. आईचं कौतुक फुकटात होत होतं.

पण शेजारच्या सारानं माझ्या गाडीत पोत्याखाली टायर पाहिला होता आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शनिवारी मंडळीचे थोरले, इसब्रांट काका, घोडागाडी घेऊन थेट शेतावर आले. उतरताना त्यांनी कंबर धरली होती.

"दीडरिख, तुझ्या ट्रॅक्टरला रबर आहे म्हणतात."

"नाही, काका."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

आमच्यात शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. नुसत्या रबरासाठी एकवेळ बोलणी खाऊन सुटला असता, पण थोरल्यांसमोर खोटं बोलला असं ठरलं तर मंडळीबाहेर. मग तो माझ्याच घरात राहणार, पण माझ्या टेबलावर जेवणार नाही. माझ्या मावशीनं सात वर्षं नवऱ्याचं ताट कोपऱ्यातल्या तिपाईवर ठेवलं होतं. मी ते लहानपणी पाहिलं होतं.

काकांनी वाकून चारही चाकं तपासली. लोखंड, दाते, दात्यांत अडकलेली मुळं. "चाकं तर बरोबर आहेत," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले. मी तोंड मिटून राहिले असते तर आम्ही तिथंच सुटलो असतो. पण त्याचं 'नाही' खोटं होऊन राहिलं असतं आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसता.

"काका, रबर आहे. उशीत. मी घातलंय. ह्याला काही ठाऊक नाही."

दीडरिख माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे मलम नव्हतं?"

"मलम नव्हतं."

काका ट्रॅक्टरवर चढले, उशीवर बसले आणि नांगर जोडलेला ट्रॅक्टर खुंटांवरून घेऊन गेले. आम्ही दोघं बांधावर उभे. माझ्या तोंडात सूर्यफुलाच्या बिया होत्या, सालं थुंकायचंही सुचेना. एक फेरी झाली. मग त्यांनी दुसरी मारली, ती का, ते त्यांनाच माहीत.

"नियम चाकांचा आहे," ते वरूनच म्हणाले. "रबरी चाक माणसाला शहरात नेतं. उशी कुठं नेते?"

"घरी," दीडरिख म्हणाला. "जेवायला."

"मग जा जेवायला. आणि अगानेटा, नवऱ्याला चोरून काही शिवत जाऊ नकोस."

"नाही, काका."

ते हळूहळू उतरले. गाडीतल्या आपल्या बसायच्या लाकडी फळीकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"त्या टायरमधलं काही उरलंय का?"

"उरलंय की. पिसांत घालून देते, कुणाला दिसणार नाही."

"उघडंच दे," काका म्हणाले. "साराला दिसू दे."

घरी येऊन मी कोबीचं सूप गरम केलं आणि एकाच टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, अगदी एकमेकींना लागून. दीडरिख खुर्ची ओढून बसला.

"तुझ्या आईला मलमाचं सांगू नकोस," तो म्हणाला.

नाही सांगत, म्हटलं, आणि सूप वाढता वाढता रडले.